छोटासा डोंगर

"छोटासा डोंगर आहे, भाऊजी," असं मेहुणा म्हणाला, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. याच माणसाने पूर्वी मला एक 'छोटीशी' गुंतवणूकही सुचवली होती. पण त्याने हिशेबच असा मांडला, की सदाशिव पेठेतला माणूस फसणारच. घनगडाची उंची ३००० फुटांच्या आसपास; पुणे मुळातच १८०० फुटांवर. म्हणजे निम्म्याहून जास्त चढण मी घरबसल्या केलेलीच होती!

उरलेली करायला पहाटे पाचला निघालो. लोणावळा गेलं, कोरीगड मागे पडला, भांबर्डं आलं, आणि एकोले गावात आमच्यामागे एक कुत्रं लागलं. गारजाईच्या देवळापर्यंत ते माझ्या मागे होतं. त्यानंतर कायम पुढे. दर वळणावर थांबून मागे बघायचं, "आजोबा आले का रे?" अशा चेहऱ्याने.

मग घसारा लागला. सुटा मुरूम आणि गोटे. एक पाऊल वर टाकावं, तर दीड पाऊल खाली. मेहुणा वरून शिकवत होता, "साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, भाऊजी. टणक थराचा कडा होतो, ठिसूळ थराचा उतार." त्या वेळी मी ठिसूळ थरावर पालथा पडून कारवीची एक काठी घट्ट धरून होतो. त्याच्या बहिणीचा हात मी लग्नातसुद्धा इतका घट्ट धरला नव्हता.

पुढे लोखंडी शिडी आहे. तिच्याबद्दल मला काही सांगता येणार नाही, डोळे मिटलेले होते.

माथ्यावरून मात्र तैलबैलाच्या त्या दोन कातळभिंती दिसल्या, पलीकडे सुधागड, आणि खाली कोकणात धाडकन कोसळणारे कडे. पाच मिनिटं मी खरोखर गप्प बसलो. सहाव्या मिनिटाला आठवलं, की हे सगळं आता उतरायचंय.

उतरलो. बसून. कुत्रंही बसलं होतं, पण ते बघायला.

सोमवारी पँट घेऊन पेठेतल्या रफूवाल्याकडे गेलो. त्याने ती उजेडात धरली, उलटीसुलटी केली.

"डोंगर?"

"हो."

"उतरताना फाटलीये. चढतानाची गुडघ्यावर फाटते."

"रफू होईल ना?"

"रफूला आजूबाजूला कापड लागतं," तो म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.