टोपणनावाचं एवढं वावडं का?

पुन्हा तेच! टोपणनावानं ऑनलाइन लिहिलेलं मत पटलं नाही की लगेच, ‘हिंमत असेल तर खऱ्या नावानं लिहा.’ अहो, मुद्द्याला उत्तर द्या की! आडनाव कळलं की आधी जात शोधणार, मग गाव, मग ऑफिसात फोन. बाईनं लिहिलं असेल तर रात्री अकराला इनबॉक्समध्ये ‘हाय डिअर’! आणि खऱ्या नावानं घाण ओकणारे काय कमी आहेत? फोटो, हुद्दा, कॉलेज, सगळं लावून आयमाय काढतात! केशवसुत, कुसुमाग्रज चालतात, मग आम्हीच का खुपतो? दक्षिण कोरियानं २००७ मध्ये मोठ्या साइट्सवर खऱ्या ओळखीची सक्ती केली. २०१२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं ती रद्द केली. गूगलची तेव्हाची सोशल साइट, गूगल प्लस, हिनंही २०१४ मध्ये खऱ्या नावाचा हट्ट सोडला. तुम्ही कधी सोडणार?