गाडीचं वय आणि आईचा गुडघा

मागच्या महिन्यात धाकट्या भावाचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला तेव्हा मी ड्राइव्हवेतला बर्फ ओढत होतो आणि मागे गाडी उभी होती, ती दिसल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "दादा, अजून तीच गाडी? 13 वर्षं झाली, काढून टाक आता." मग फॅमिली ग्रुपवर दोन दिवस तोच विषय. काकाने नव्या सात सीटर एसयूव्हीचे फोटो टाकले, भाचा सनरूफवर अडून बसला, आणि बाबांनी एकच ओळ लिहिली, "गाडीला काय झालंय ते आधी सांगा." मला बाबांचा प्रश्न बरोबर वाटतो आणि हे सगळं त्यावरूनच लिहितोय.

गाडी म्हणजे 2013 ची सुबारू आउटबॅक. आपल्याकडे ही गाडी कधी मिळाली नाही, म्हणून आधी काय आहे ते सांगतो. ही मुळात स्टेशन वॅगन, म्हणजे सेडानचं छत मागेपर्यंत लांब नेलेलं आणि डिकी आतून मोकळी, फक्त उंच उचललेली. (पुण्यात वॅगन म्हटलं की लोकांना वॅगन आर वाटते, तो वेगळा विषय.) 1994 मध्ये आली, तेव्हा बाकी कंपन्या ट्रकच्या सांगाड्यावर एसयूव्ही बांधत होत्या आणि सुबारूने आपली नेहमीची लेगसी वॅगन घेऊन तिला उंच केलं. माझ्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे रस्त्यापासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर, 220 मिलिमीटर आहे, पण बसायची जागा आणि डिकीचा काठ सेडानपेक्षा थोडाच वर, मोठ्या एसयूव्हीइतका उंच नाही. इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, आमच्या गल्लीत दर चार घरांमागे एक तरी दिसते. मी 2016 मध्ये जुनी घेतली, आता 1 लाख 55 हजार मैल झालेत, म्हणजे जवळजवळ अडीच लाख किलोमीटर.

घरच्यांचं म्हणणं चूक आहे असं नाही, ते ज्या वातावरणात बोलतायत ते मला समजतं. दिल्लीत डिझेलला 10 आणि पेट्रोलला 15 वर्षं हा नियम 2015 च्या हरित लवादाच्या आदेशापासून गाजतोय, 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो धरून ठेवला. मग 1 जुलै 2025 ला पंपावर जुन्या गाड्यांना पेट्रोलच द्यायचं नाही असं सुरू केलं आणि लोक इतके चिडले की आठवड्याभरात ते थांबवावं लागलं. ऑगस्टमध्ये कोर्टाने सांगितलं की नुसत्या वयावरून कारवाई करू नका, आणि डिसेंबरमध्ये ती सवलत बीएस-4 (धुराच्या मर्यादेचा सरकारी मापदंड) आणि त्याच्या पुढच्या गाड्यांपुरतीच ठेवली. म्हणजे फिरून फिरून गाडी तिथेच आली ना, की किती वर्षांची यापेक्षा धूर किती सोडते हे बघा! पण टीव्हीवर दिल्लीची बातमी लागली की पुण्यात-नाशकातसुद्धा लोकांना वाटतं आपलीही 15 वर्षांची गाडी आता भंगारात. आमच्या बाबांची सँट्रो 2010 ची, जेमतेम 60 हजार किलोमीटर चाललेली, मंडई, बँक आणि डॉक्टर एवढंच तिचं काम. मागच्या वर्षी 15 झाल्यावर त्यांना चार जणांनी सांगितलं की आता ही रस्त्यावर चालत नाही. बाबा आरटीओत गेले, गाडी पासिंगला नेली, फी भरली आणि पाच वर्षांचं नवीन रजिस्ट्रेशन घेऊन आले.

इथे उलटं आहे. अमेरिकेतल्या रस्त्यावरच्या कार आणि हलक्या ट्रकचं सरासरी वय 2025 मध्ये 12.8 वर्षं होतं, म्हणजे माझी गाडी साधारण सरासरीतलीच. आमच्या राज्यात गाडीवर दरवर्षी कर बसतो, मूळ किमतीच्या ठरलेल्या टक्क्यावर हजाराला 25 डॉलर, आणि तो टक्का वयाबरोबर उतरत जातो, पाचव्या वर्षापासून पुढे 10 टक्केच. म्हणजे 28 हजाराच्या गाडीला मी वर्षाला 70 डॉलर भरतो. आपल्याकडे रोड टॅक्स आधीच एकरकमी घेतात आणि गाडी म्हातारी झाली की वर ग्रीन टॅक्स. दोन्हीच्या मागे विचार आहे, आपल्या शहरांची हवा मी काही विसरलेलो नाही, दिवाळीनंतर पुण्यात उतरलो की दोन दिवसांत घसा धरतो. पण इथे दरवर्षी तपासणी होते, गाडीच्या कॉम्प्युटरला वायर लावून इंजिन बघतात, ब्रेक बघतात, फ्लोअर गंजून भोक पडलं असेल आणि तिथून धूर आत येऊ शकत असेल तर नापास. पास झाली की काचेवर स्टिकर. आपल्याकडे खाजगी गाडीला पहिली 15 वर्षं पीयूसी सोडून कोणी खालून वाकून बघत नाही आणि मग सोळाव्या वर्षी एकदम तिच्यावर संशय. हे मला पटत नाही. आठ वर्षांची गाडी, ब्रेक गेलेले, धूर सोडत चाललीये, तिला कोण विचारतं?

आता गाडीला काय झालंय ते सांगतो, बाबांचा प्रश्न. इंजिन चांगलंय. सुबारूच्या जुन्या अडीच लिटर इंजिनांचं हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं पॅकिंग, जायचं ही जगजाहीर गोष्ट आहे, पण आउटबॅकमध्ये 2013 पासून नवं इंजिन आलं, टायमिंग बेल्टच्या जागी चेन. मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग वाजतंय, ताशी 40 मैलांच्या वर गेलं की विमान लांबून येतंय असा घुं घुं आवाज. शॉक अॅब्सॉर्बर दमलेत. आणि खालून गंज. इथे डिसेंबर ते मार्च रस्त्यावर मीठ टाकतात, ते वितळलेल्या बर्फात मिसळून खालच्या पत्र्यात जाऊन बसतं, अलिबाग-रत्नागिरीकडे खाऱ्या हवेने ग्रिल आणि दरवाजे सडतात ना तसंच, फक्त चाकाखालून. मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेऊन मला खाली बोलावलं, हातातल्या स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या बाजूने मागच्या सबफ्रेमवर, म्हणजे मागची चाकं धरणाऱ्या खालच्या सांगाड्यावर, ठोकत ठोकत गेला. टण टण टण, आणि एका कोपऱ्यात आवाज बसला, थप्प. तिथे बोटाने दाबलं तर तपकिरी पापुद्रे खाली पडले. म्हणाला अजून आत जाड पत्रा आहे, दोन हिवाळे जातील, तिसऱ्याची खात्री देत नाही. गाडीचं वय म्हणजे माझ्या दृष्टीने हे, तो बसलेला आवाज.

एक खर्च असा की तो कोणी आधी सांगत नाही. चारही चाकं सतत ओढणारी गाडी, त्यामुळे चार टायरच्या घेरात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही, नाहीतर पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या मधल्या क्लचवर ताण येतो. मागच्या वर्षी एका टायरच्या कडेला खिळा घुसला, कडेचं पंक्चर निघत नाही, आणि बाकीचे तीन अर्धे झिजलेले, म्हणून चारही नवीन घ्यावे लागले. हे धरून मला वर्षाला 1500 डॉलरच्या आसपास दुरुस्ती येते.

दुसऱ्या बाजूला काय आहे? टोयोटाची राव-4 आता 2026 पासून फक्त हायब्रिडच मिळते, होंडाची सीआर-व्ही हायब्रिड आहे, दोन्ही चांगल्या, दोन्ही मी चालवून बघितल्या. माझी गाडी लिटरला 11 चं अॅव्हरेज देते, या 16-17 देतात. वर्षाला 12 हजार मैल धरले तर दीडशे गॅलन पेट्रोल वाचतं, 3 डॉलरने साडेचारशे डॉलर, महिन्याला 40 डॉलरसुद्धा नाही. आणि हप्ता सांगितला महिना 600 च्या वर. नवीन गाडी पेट्रोल वाचवते म्हणून घ्या हे गणित दोन्ही देशांत लोक तोंडाने करतात, कागदावर करत नाहीत.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते पैशाबद्दल नाही. 2023 मध्ये आई-बाबा आले होते तेव्हा एका मित्राने एअरपोर्टवरून आणायला आपली तीन रांगांची मोठी एसयूव्ही दिली, माणसं पाच, बॅगा सहा, म्हटलं आरामात जाऊ. बॉस्टनच्या लोगन एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये आई गाडीपाशी उभी राहिली, दोन्ही गुडघे दुखतात तिचे, साडी एका हाताने वर धरली, एक पाय पायरीवर ठेवला, वरचं हँडल धरलं आणि तिथेच थांबली, वर जाता येईना आणि पाय खाली घेता येईना, मी मागून धरलं, बाबांनी आतून हात दिला. 18 तासांचा प्रवास करून आलेली बाई. काही बोलली नाही, "जरा उंच आहे रे" एवढंच. दुसऱ्या दिवशी आउटबॅकमध्ये बसवलं. दार उघडलं, तिने पाठ केली, सीट बरोबर तिच्या मांडीच्या उंचीला, टेकली, मग दोन्ही पाय एकत्र आत फिरवले. घरच्या दिवाणावर बसते तशी. सेडानमध्ये हीच बाई खाली खड्ड्यात बसल्यासारखी बसते आणि उठताना दोन माणसं लागतात.

ही उंची कुठल्या ब्रोशरमध्ये नसते. ग्राउंड क्लिअरन्स असतो, सनरूफ असतं, स्क्रीन किती इंची ते असतं. आपल्याकडे सध्या जे चाललंय, रोड प्रेझेन्स, बॉनेट दिसलं पाहिजे, "उंच गाडीत सेफ वाटतं", त्यात घरातली सत्तरीची माणसं चढणार कशी हे कोणी विचारताना मी ऐकलेलं नाही. खड्डे आणि स्पीडब्रेकर आहेत म्हणून क्लिअरन्स हवा हे शंभर टक्के मान्य, पण खालून उंच आणि आत बसायला बेताची अशी गाडी बनू शकते, माझ्या दारात 13 वर्षांची उभी आहे.

मग बनत का नाही? कायद्याने. इथे 2004 मध्ये सुबारूने नव्या आउटबॅकची उंची आणि बंपर थोडे बदलून तिला सरकारी हिशोबात हलका ट्रक करून घेतलं, कारण तेव्हा कंपनीच्या कारनी गॅलनला सरासरी किमान 27.5 मैल द्यायचं बंधन होतं आणि हलक्या ट्रकना 21 चंच. आपल्याकडे 2006 च्या बजेटमध्ये चार मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला एक्साइज कमी केली आणि तेव्हापासून 3995 मिलिमीटरच्या गाड्यांची रांग लागली, डिक्या कापल्या गेल्या. पुढे 4 मीटरपेक्षा लांब, 1500 सीसीच्या वर आणि 170 मिलिमीटर क्लिअरन्स म्हणजे एसयूव्ही आणि तिला जास्त कर अशी व्याख्या आली, आता सप्टेंबर 2025 पासून छोटीला 18 आणि मोठीला 40 टक्के जीएसटी. या पट्ट्यात लांब, बेताच्या उंचीची वॅगन कुठेच बसत नाही. तशा आपल्याकडे आल्या होत्या, 1992 ची टाटा इस्टेट, मग बलेनो अल्टुरा, ऑक्टाव्हिया कॉम्बी, इंडिगो मरीना, एकही टिकली नाही, लोकांना मागचा भाग टेम्पोसारखा वाटायचा. आणि आता 2026 ची आउटबॅकसुद्धा उभी चौकोनी एसयूव्ही झालीये. मी शोरूममध्ये जाऊन बसलो, वाईट गाडी नाही, पण मला हवी होती ती राहिली नाही याचं खरंच वाईट वाटलं.

राहता राहिली सिएना, टोयोटाची मिनीव्हॅन. 2021 पासून फक्त हायब्रिड, एवढी मोठी असून लिटरला 15, हवी तर चारही चाकं ओढणारी, सरकती दारं, फ्लोअर खाली, आई एका पावलात आत. इथे मिनीव्हॅनला लोक नाक मुरडतात, पोरांची ने-आण करणाऱ्यांची गाडी म्हणून, जसं भाऊ इनोव्हाला "टुरिस्टवाली" म्हणतो. मला यात काहीही कमीपणा वाटत नाही. आईवडील, दोन पोरं, बॅगा, मागे एखादी सायकल, यासाठी याच्याइतकी शहाणी गाडी नाही. माझी पुढची गाडी हीच.

पुढची, आत्ताची नाही. एकच गोष्ट मला आत्ता घ्यायला लावू शकते आणि ती मी टाळत नाही. मुलगी यंदा 16 पूर्ण करतेय, लायसन्स काढेल, आणि माझ्या गाडीत समोर कोणी आलं तर आपोआप ब्रेक लागत नाही, 2013 मध्ये ते फक्त वरच्या मॉडेलला होतं. घरातलं नवीन शिकणारं माणूस सगळ्यात जुन्या गाडीत बसवायचं ही पद्धत पुण्यातही आहे आणि इथेही, आणि ती मला चुकीची वाटते. बायकोची गाडी 2021 ची आहे, त्यात हे सगळं आहे, तर मुलगी ती चालवेल आणि बायकोची ने-आण मी करीन, असं आम्ही दोघांनी बसून ठरवलंय.

पुढच्या आठवड्यात बेअरिंग आणि मागचे शॉक बदलून घेतोय, एप्रिलमध्ये स्टिकरची तपासणी, तेव्हा सबफ्रेमचा तो कोपरा परत ठोकून बघायला सांगणार आहे. 9 मे ला आई-बाबा येतायत. सिएनासाठी नाव नोंदवून ठेवलंय, नंबर लागायला वेळ आहे, तोवर एअरपोर्टला आउटबॅकच जाईल, बॅगा टपावरच्या कॅरिअरला बांधू.