समोरचं गिऱ्हाईक सोडून बाकी सगळीकडे

परवा आईच्या फोनवर एक मेसेज आला. तेव्हापासून ठरवलंय, सांगलीत फास्ट फूडचं नवीन दुकान काढणाऱ्या प्रत्येकाला मार्केटिंगचं मार्गदर्शन करायचं. फुकट. फ्रँचायजीचे पैसे भरून झालेत, लाल-पिवळा रंग ठरलाय, गाळा शंभर फुटी रोडला घ्यायचा की विश्रामबागला एवढंच राहिलंय, असं धरून चालतो.

जाहिरातीच्या एका चॅनेलवर भागत नाही, हे तुम्हाला फ्रँचायजीवाल्यांनी सांगितलं असेलच. तेव्हा पेपरात पत्रकं, चौकात फ्लेक्स, गल्लीत भोंगा लावलेली रिक्षा, इन्स्टाला रील, फेसबुकला तेच रील, व्हॉट्सॲपला तेच रील, झोमॅटो, स्विगी, गुगल आणि केबलला खालून सरकणारी पट्टी. गिऱ्हाईक माडीवर असो नाहीतर न्हाणीत, वडापाव त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. म्हणजे वडापावचा फोटो.

फ्लेक्सच्या परवानगीची काळजी नको. कोपऱ्यात कुठल्यातरी दादांचा फोटो टाका, वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या, कुणी हात लावत नाही.

गुगलवर ‘रात्री ११ पर्यंत’ टाका आणि साडेनऊला शटर ओढा.

रीलला मात्र वेळ द्या. पोरगं असो वा पोरगी, ‘मंडळी’ म्हणून सुरुवात करता आली पाहिजे. ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’ आणि ‘जाळ आणि धूर संगटच’ ही तिन्ही तीस सेकंदांत बसवायची. चव कशी आहे ते सांगायचं नसतं, घास घेऊन डोळे मिटायचे असतात. मी असं एक शूटिंग बघितलंय. एक वडापाव, अकरा टेक. चीज लोंबेना म्हणून दोनदा मायक्रोवेव्हमध्ये फिरवून आणला, तरी लोंबेना, शेवटी वरून वेगळं चीज चिकटवलं. तोवर दुकानातलं एकमेव मोठं टेबल शूटिंगला अडलेलं आणि आम्ही प्लेट हातात धरून उभे. पैसे घेऊन केलेल्या रीलवर ती जाहिरात आहे असं स्पष्ट लिहावं, असं जाहिरात मानक परिषदेनं २०२१ मध्येच सांगून ठेवलंय. आपल्याकडं ‘कोलॅब’ लिहितात, तेही विसाव्या हॅशटॅगला.

दर प्रत्येक ठिकाणी वेगळा ठेवा. काउंटरला कॉम्बो १२९, ॲपवर १७९ खोडून ९९. काउंटरच्या पोराला मी विचारलं, ‘अरे, तुमच्याच दुकानाचा भाव ना हा?’ तर म्हणाला, ‘सर, ऑफर ॲपला आहे, आमच्याकडं नाही.’ म्हणजे दुकानात उभं राहून, दुकानाच्याच वायफायवरून, त्याच दुकानातनं पार्सल मागवायचं आणि पत्ता टाकायचा ‘फ्रायरसमोर, निळा शर्ट’. शंभराच्या ऑर्डरमागं वीस-पंचवीस रुपये ॲपवाले कापतात, वर ती सवलतही बऱ्याचदा मालकाच्याच खिशातनं जाते, हे तुम्हाला माहीत आहे. ते कुठून भरून काढता, ते वडा हातात घेतला की आम्हालाही कळतं.

बिलावर इन्स्टाचा क्यूआर, रिव्ह्यूचा क्यूआर, ‘फॉलो करा, फ्राइज मिळवा’ हे सगळं ठळक छापा. अन्न सुरक्षेचा तो चौदा आकडी नंबर २०२२ पासून बिलावर टाकावाच लागतो, तो एकदम तळाला येऊ द्या, कागद फाडताना निम्मा जातो.

आता नंबर गोळा करायचं शास्त्र. बिलासाठी गिऱ्हाइकाच्या मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२३ च्या मे महिन्यात दुकानदारांना बजावलंय. तुम्ही सक्ती करूच नका. स्क्रीनवर बोट ठेवून, मान वर न करता ‘नंबर?’ एवढंच म्हणा. मागं रांग असली की माणूस आपोआप दहा आकडे म्हणून टाकतो. त्यात १९०९ ला कळवून जाहिरातीचे फोन आणि एसएमएस थोपवता येतात, व्हॉट्सॲप त्यात येत नाही. मोकळं रान.

रोज काय पाठवायचं हा प्रश्न पडायला नको. एकादशीला उपवासाचा बर्गर, संकष्टीला चंद्रोदयाची वेळ आणि खाली पेरी पेरी फ्राइज. पावसाळ्यात कृष्णेवरचा आयर्विन पूल आहेच, पुराचं पाणी तिथं फुटांत मोजतात. या पावसात पाणी चाळीस फुटांकडं चाललं होतं, अख्खी सांगली तासातासाला आकडा बघत होती, नदीकडच्या सूर्यवंशी प्लॉटातली माणसं गॅसच्या टाक्या आणि पोरांची दप्तरं हलवत होती, आणि फोनवर टुण्ण: ‘पाणी ४० फूट, सूट ४० टक्के! घरातच थांबा, आम्ही येतो.’ ४० ही इशारा पातळी आहे हो. ४५ ला धोका. मग धोक्याला ४५ टक्के देणार होता का? २०१९ ला सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, ब्रह्मनाळ गावात माणसांना पुरातनं काढणारी बोट उलटली होती. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याच्या घरात कधी पाणी आलेलं नाही, एवढं नक्की.

असो. मार्गदर्शन चाललंय.

सगळ्यात महत्त्वाचं. दुकानात पायांनी चालत आलेला माणूस चॅनेलमध्ये धरायचा नसतो. हे मला मे महिन्यात समजलं. आईला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून परत येत होतो. साडेपाच झालेले. आईला शुगर आहे, वेळेवर पोटात काही गेलं नाही की तिला दरदरून घाम फुटतो. विश्रामबागच्या अलीकडं एक असंच लाल-पिवळं दुकान दिसलं. मी गाडी लावून येईपर्यंत ती काउंटरला उभी. काउंटरवर दोन टॅब आणि एक मोबाईल, तिन्ही आळीपाळीनं किंचाळतायत. पलीकडं एकटं पोरगं, विशीचं, डोक्याला दुकानाची टोपी, मनगटावर तेलाचा ताजा चट्टा. ऑर्डर तोच घेणार, वडे तोच सोडणार, पिशव्यांना स्टेपल तोच मारणार. आमचं टोकन ४७. टॅब वाजला की ते दचकून तिकडं पळायचं, कारण ऑर्डर घ्यायला उशीर झाला की ॲपवर दुकानाचं रेटिंग पडतं. आई बिनपाठीच्या उंच स्टुलावर पदरानं कपाळ पुसत बसलेली, तिच्यामुळं कुठं काय पडणार होतं! रायडर यायचे, शेवटचे चार आकडे सांगायचे, पिशवी उचलायचे. सात पिशव्या गेल्या. मी मोजल्या. मी विचारलं तर, ‘झालंच काका, ऑनलाइन जास्त आहेत जरा.’ ऑनलाइन जास्त आहेत! विजयनगरला सोफ्यावर आडव्या पडलेल्या माणसाचा वडा आधी, आणि तीन फुटांवर बसलेली बाई नंतर, कारण तिला वाजता येत नाही! पस्तीस मिनिटं. शेवटी शेजारच्या मेडिकलमधनं बिस्किटाचा पुडा आणून तिला दिला. वडा आला तो वरून कोमट, आत बटाटा गार, आणि तेलाला कालचा वास. ‘आपला अनुभव कसा वाटला? पाच स्टार द्या, कोल्ड्रिंक मिळवा’ हा मेसेज मात्र वड्याच्या आधी सतरा मिनिटं आला होता.

त्या पोरावर मी ओरडलो नाही. ओरडायचं कशाला त्याच्यावर? रीलवालीला पैसे आहेत, रिक्षाला आहेत, पट्टीला आहेत, फ्रायरपाशी दुसरा माणूस ठेवायला नाहीत.

एक स्टार दिला तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. खाली ‘आदरणीय ग्राहक, आपला अभिप्राय मोलाचा आहे’ असं चिकटवा, आणि संध्याकाळी फोन करून ‘काढून टाका की ओ साहेब, काय मिळतंय तुम्हाला’ म्हणा. मला आला होता.

आणि आता परवाचं.

मी गाडी लावत होतो तेव्हा त्या पोरानं आईला नंबर विचारला, जन्मतारीख विचारली आणि लग्नाची तारीखही विचारली. स्क्रीनवर रकाना होता म्हणून विचारली. आईनं तीस वर्षं शाळेत काढलीत, अर्धा फॉर्म सोडणं तिला जमत नाही. विचारलं, तिनं सांगितलं. परवा सकाळी साडेसहाला: ‘लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आज जोडीदाराला घेऊन या, दुसरा बर्गर आमच्याकडून.’ मध्ये वडापाव, दोन्ही बाजूंना बदाम. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. आईनं चष्मा लावून सगळं वाचलं आणि एका बोटानं, सावकाश, उत्तर लिहिलं, ‘धन्यवाद. ते आता नाहीत. तुमच्या व्यवसायाला शुभाशीर्वाद.’ पुढच्या सेकंदाला तिकडून आलं, ‘नमस्कार! मेनूसाठी १ दाबा. ऑफरसाठी २ दाबा.’

‘काय दाबायचं रे?’ तिनं मला विचारलं.

मी तसाच उठलो, अकराला दुकान उघडल्या उघडल्या गेलो. तेच पोरगं. नंबर काढ म्हटलं. ते म्हणालं, ‘काका, ते आमच्याकडं नसतंय. पुण्याला एजन्सी आहे.’ मालक कुठं आहेत? ‘दुसऱ्या ब्रँचच्या ओपनिंगला.’

तर ओ मालक, गुळमुळीत बोलून झालं. तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. दुसऱ्याच्या आईच्या लग्नाची तारीख घेऊन पुण्याला पाठवता आणि ती कुठं जाते, तिचं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकही नसतं? तुमच्या आईला असा मेसेज आला तर चालेल? दुसरी ब्रँच राहू दे. आहे तिथं त्या पोराच्या जोडीला एक माणूस ठेवा, त्याच्या मनगटाला मलम लावा. तेल बदला. समोर बसलेल्याला आधी वाढा, टॅब वाजला तर वाजू दे दोन मिनिटं. आणि एजन्सीला फोन करा. यादीतनं काढायचा तो आईचा नंबर मी चिठ्ठीवर लिहून तुमच्या गल्ल्यात ठेवून आलोय, पन्नासच्या नोटांच्या खणात.

आज सकाळीही आला होता मेसेज. साडेसहालाच.