बापाची मिशी कशी काढावी?

बेळगाव-खानापुराकडच्या प्राथमिक शाळांतल्या समस्त बाई-गुरुजींनो, तुमच्या वर्गात दोन-चार पोरं अशी निघणारच, ज्यांच्या घरात पुस्तकातल्या चित्रासारखी माणसं नाहीत. कुणाची आई गोव्यात कामाला, बाप कुठं ते बापालाच ठाऊक. कुणी आजोळी वाढतंय, कुणी आत्याकडं. अशांना कसं सांभाळून घ्यावं, याचं शिक्षण मला गेल्या शनिवारी भाचीच्या शाळेत फुकट मिळालं. तुम्हालाही फुकटच देतो.

हजेरी घेताना अशा पोराला वडिलांचं नाव दोनदा विचारावं. दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं, मागच्या बाकाला ऐकू जाईल असं.

सभेला आजी आली तर "पालक आले नाहीत का?" असं आजीलाच विचारावं.

फॉर्म कन्नडमध्ये असतो, त्यावर आता काय बोलायचं. पण 'तंदेय हेसरू', म्हणजे वडिलांचं नाव, ह्यापुढची जागा रिकामी दिसली की तिथं बोट ठेवून मान वर करावी. आईचं नाव आहे, सही आहे, फोन नंबर आहे? असू दे. "वडिलांना पाठवा." मुलाचा सांभाळ ज्याच्याकडं, तोही पालक, असं २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात लिहिलंय. बाप हयात असला तरी आई नैसर्गिक पालक ठरू शकते, हे सुप्रीम कोर्टानं १९९९ साली सांगितलं. पण दिल्ली लांब. शिनोळी तर लांब नाही ना? आपलं बाची गाव संपलं की महाराष्ट्रातला चंदगड तालुका, आणि तिथं १ मे २०२४पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढं आधी आईचं नाव लागतं, मग बापाचं. सीमाप्रश्न सुटेल तेव्हा सुटेल, एवढं तरी अलीकडं येऊ द्या की.

आता मुख्य धडा, चित्रकला. विषय नेहमीचाच द्यावा, 'माझे कुटुंब'. आमच्या भाचीनं आजी काढली, आई काढली (हातात गोव्याची पिशवी), मला काढलं, आजीपेक्षा बुटका. आणि खाली पाच पिल्लांची कोंबडी. त्यावर बाईंनी लाल पेनानं लिहिलं, 'वडील काढले नाहीत. पूर्ण कर.' रात्री मी जेवत होतो तर ही पाटावर वही घेऊन खोडतेय. कोंबडी खोडली, पिल्लं खोडली, कागदाला भोक पडलं. म्हटलं, काय करतेस? "इथं बाबा काढायचेत. मामा, मिशी कशी काढायची, सांग की."

मिशी. कारण शेजारच्या पोरीच्या चित्रातल्या बापाला मिशी होती. हिनं आपला बाप बघितलेलाच नाही.

मी घास ठेवला, आणि काढून दिली मिशी. दुसरं काय करणार होतो?

आणि ही तऱ्हा कुठली, तर सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर ज्या जिल्ह्यात आहे, तिथली. पोरी देवाला सोडण्याविरुद्ध १९८२ साली कायदा करावा लागला इथं. त्या बायकांची पोरं-नातवंडं ह्याच बाकांवर शिकली. बापाच्या नावाची जागा कोरी असणं इथल्या मास्तराला नवं आहे होय? तरी तुमच्या भुवया दर जूनला वर!

बास झालं. बाई, 'घरी कोण कोण आहे, ते काढ' एवढं म्हणायला तुमचं काय जात होतं? सात वर्षांची पोर आहे ती. छडी मारली नाही, असं हेडमास्तर मला ऐकवतात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ वाचा, मानसिक त्रासालाही मनाई आहे त्यात. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा समितीच्या, सभेत चहा पिताना कधीतरी तेवढं एक पान उलटा. आणि आजीला 'पालक कुठं आहेत' विचारलंत ना? पहाटे उठून डबा करणारी, ताप आला की रात्रभर उशाशी बसणारी ती बाई पालक नाही, मग कोण आहे?

सोमवारी वही घेऊन येतोय. आजीपण येणार आहे. तिच्यासमोर तुमच्या त्या लाल ओळीवर काट मारा, आणि पोरीला कोरा कागद द्या. कोंबडीला जागा लागते.