४८ ला फुली, ५० ला बरोबर!

काल रात्री लाईट गेलेली, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय आणि पोरगी इमर्जन्सी दिव्यापाशी वही घेऊन रडकुंडीला आलेली. "बाबा, हे चूक कसं?"

गणित असं: एक गाडी चिपळूणहून रत्नागिरीला ताशी ४० किमी वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० ने परत आली, तर सरासरी वेग किती? पोरीने ४८ काढलेलं. त्यावर लाल पेनाची भलीमोठी फुली, बाजूला ५०.

अहो, ४८च बरोबर आहे! अंतर दिलेलं नाही म्हणून तिने ते क्ष मानलं. जायला क्ष/४० तास, यायला क्ष/६०, बेरीज क्ष/२४. एकूण अंतर २क्ष. भागाकार केला की क्ष उडाला, राहिले ४८. क्ष झेपत नसेल तर १२० किमी धरा. जाताना ३ तास, येताना २. पाच तासांत २४० किमी. करा भागाकार!

सरांना फोन लावला. म्हणाले, "गाइडमध्ये ५० आहे." वर आणखी, "तुम्ही मुलीला उगाच गोंधळात टाकू नका." मी गोंधळात टाकतोय!

बेरीज करून दोनने भागायचं तर दोन्ही वेगांनी सारखा वेळ जायला हवा. सारखं अंतर नव्हे, सारखा वेळ. आणि हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागतंय? २०११ पासून मुंबई-गोवा महामार्गावरचा आमचा पनवेल-इंदापूर रस्ता चौपदरी 'होतोय'. गणपतीला निघायचं, माणगावपर्यंत गाडी गोगलगायीसारखी, पुढे रस्ता मोकळा मिळाला की ड्रायव्हर ऐंशीने हाणतो. गेलेले तास येतात का परत? हळू चाललेला तुकडाच सगळा वेळ खाऊन बसतो, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकते. एवढंच तर आहे त्या गणितात. (पुस्तकातली आगगाडी 'एकसमान वेगाने' धावते त्याबद्दल तर मी बोलतच नाही. आमच्या कोकण रेल्वेच्या गाडीला पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक, आणि एकेरी मार्गावर क्रॉसिंगला थांबली की दोन वडापाव आणि एक चहा होतो.)

गंमत म्हणजे गेल्या गणपतीत हेच सर माणगावला अडकलेले. पुढचे पंधरा दिवस भेटेल त्याला ती कथा ऐकवत होते.

पोरीने विचारलं, "सहामाहीला हेच आलं तर काय लिहू?" मी म्हटलं, ४८. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज, "पन्नास लिही गो, दोन मार्क कशाला घालवतेस!"

आता घरात वेगळंच पेटलंय.