बुलडोझर एकास पन्नास, धूळ एकास एक

माझ्याकडे सात बुलडोझर आहेत. हे वाक्य नवख्या माणसासमोर उच्चारलं की त्याच्या चेहऱ्यावर आधी आदर येतो, मग शंका. मी शोकेसकडे बोट दाखवलं की "अच्छा, खेळण्यातले होय!" म्हणून तो मोकळा होतो.

खेळण्यातले नाहीत हो. डाय-कास्ट स्केल मॉडेल्स आहेत. जस्ताचा मिश्रधातू वितळवून, पोलादी साच्यात दाबानं भरून केलेली. खऱ्या यंत्राच्या पन्नासाव्या मापाची. ब्लेड वरखाली होतं. मागचा रिपर, म्हणजे जमीन उकरणारा तो अजस्र दात, खाली येऊन फळीला टेकतो. पट्ट्याची कडी अन् कडी वेगळी हलते. हे सगळं मी एकदा मेहुण्यांना अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण जेसीबी मस्त आहे हां." तेव्हापासून मी समजावणं सोडलंय.

तर, रविवारी सकाळी मी या सात यंत्रांची धूळ पुसतो. बाहेरून हे काम सोपं दिसतं. शोकेसला काचेची दारं आहेत, पण ते धुळीला कुणी कळवलेलं नाही. शिवाय धुळीला स्केल नसतं, खरी पंचाईत तिथंच आहे. मॉडेल पन्नासपट लहान होतं, धूळ मात्र आहे त्याच मापात येऊन बसते. दोन मिलिमीटरचा कापसासारखा एक पुंजका इंजिनाच्या झाकणावर बसला, की पन्नासनं गुणा: दहा सेंटिमीटरचा गोळा झाला. खऱ्या साइटवर ऑपरेटरनं एवढा गोळा बघितला असता, तर खाली उतरून लाथेनं उडवला असता. मला तसं करता येत नाही. माझं बोट त्याच हिशेबानं पाऊण मीटर जाडीचं आहे आणि ते घालायचंय कुठे, तर केबिन आणि रेलिंगच्या मधल्या फटीत.

त्यात रंग पिवळा. कॅटरपिलरची यंत्रं आधी राखाडी असायची. १९३१ साली कंपनीनं ती पिवळी केली, लांबून दिसावीत म्हणून. लांबून दिसतात, वाद नाही. पण त्यांच्यावरची धूळही लांबून दिसते, पार स्वयंपाकघरातून दिसते. त्या वेळी कुणी "राखाडीच राहू द्या" म्हणाला असता, तर माझ्या कितीतरी रविवारांचं कल्याण झालं असतं.

सातांतला लाडका डी-११. खरा डी-११ शंभर टनांच्या वर भरतो. लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून पन्नासनं भागायचं म्हणजे एकूण सव्वा लाखानं भागायचं. शंभर टनांचे राहतात आठशे ग्रॅम. मॉडेल हातात घेतलं की साधारण तेवढंच वजन लागतं, आणि दर वेळी मला उगीचच बरं वाटतं. याचा पट्टा त्रिकोणी असतो, कारण पट्टा ओढणारं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, वर उचललेलं आहे. ही युक्ती कॅटरपिलरनं १९७७ साली डी-१०वर आणली. खडकाचे धक्के आणि चिखल-मातीचा मारा खालच्या चाकांनी सोसावा, महत्त्वाचा भाग वर सुरक्षित राहावा, हा हेतू. इतक्या हुशार लोकांनी इतका विचार करून जे चाक घाणीपासून लांब नेलं, नेमक्या त्याच चाकाच्या दातांत माझ्या घरी सगळ्यात जास्त धूळ अडकते. धूळ वरून पडते, हे खाणीसाठी यंत्र आखणाऱ्यांच्या ध्यानात येण्याचं काही कारण नव्हतं म्हणा.

हत्यारं सगळी वापरून झालीत. फडकं रेलिंगला अडकतं. फुंकर मारली तर धूळ एका मॉडेलवरून उठते आणि दुसऱ्यावर बसते, शिवाय मला शिंका येतात आणि शिंक हा वेगळाच विषय आहे. बायकोचा मेकअपचा ब्रश उत्तम चालतो, पण ते तिला कळेपर्यंतच चालला.

शेवटी कानात घालायच्या कापसाच्या काड्या आणल्या. कापसाचा एक धागा डी-११च्या रेलिंगला अडकला. मी हळूच ओढला. धागा आला, रेलिंगही आलं. नखाएवढा पिवळा तुकडा. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर बसली की पांढरी साय धरते, म्हणून तो केबिनजवळ वापरू नये, हे मी इतरांना दहादा तरी बजावलेलं आहे. त्या दिवशी मात्र "एकच थेंब" म्हणून वापरला. रेलिंग वाकडं चिकटलं आणि डी-११च्या केबिनमध्ये तेव्हापासून कायमचं धुकं पडलंय. रेलिंगबरोबर माझं बोटही चिकटलं होतं, ते सोडवताना हाताला झटका बसला आणि डाव्या बाजूचा आरसा उडाला.

आरसा म्हणजे तांदळाच्या कणीएवढा. टिक्क असा आवाज आला, म्हणजे फरशीवर पडला इतकं नक्की. मी टॉर्च आणायला आत गेलो. परत येईतो हॉलमधला व्हॅक्यूम क्लीनर नुकताच थांबत होता.

"झाली ना धूळ साफ?" बायकोनं विचारलं. "मीपण म्हटलं, जरा हातभार लावावा."

पुढची पंधरा मिनिटं मी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरून व्हॅक्यूमची पिशवी रिकामी करत होतो. ज्या धुळीचा मी इतकी वर्षं दुस्वास केला, तिचा वीतभर ढीग समोर मांडून, चिमटीनं ती केसाकेसानं उपसत होतो. भाचा शेजारी येऊन उभा राहिला. त्यानं ढिगाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मामा, तुझ्याकडे बुलडोझर आहे ना?"

मी तोंड उघडलं, कारण उत्तर तयार होतं: हे खेळणं नाही. पण तोवर तो आत जाऊन डी-११ दोन्ही हातांनी घेऊन आलाही होता. त्यानं ब्लेड खाली केलं आणि ढकललं.

खरं सांगतो, मी बघत राहिलो. ढीग ब्लेडपुढे नुसता सरकला नाही, ब्लेडच्या बाकावरून वर चढून पुढे गोल गडगडला, खऱ्या साइटवर माती गडगडते तसाच. खऱ्या डी-११चं मोठं ब्लेड एका फेरीत चौतीस घनमीटरच्या आसपास माती नेतं. सव्वा लाखानं भागलं तर मोठा पेलाभर. भाच्यानं पेलाभर धूळ बरोब्बर नेली. मग पट्टे कडीकडीनं खुळखुळवत मागे घेतला. मग मी म्हटलं, "आण इकडे. रिव्हर्समध्ये ब्लेड वर घ्यायचं असतं." दुसरी फेरी मी मारली. तिसरीही मीच मारली. भाचा म्हणाला, माझा नंबर कधी येणार.

सातव्या फेरीला ढिगातून एक बारीक काळा तुकडा निघाला. आरसाच! मी चिमट्यानं उचलून डी-११च्या डाव्या बाजूला लावून बघितला. बसेना. उलटा करून बघितला. मग भिंग आणलं.

आरसा डी-११चा नव्हता. वरच्या फळीवरच्या डी-१०चा होता. तो कधी पडला, मला पत्ताच नव्हता.