परदेशातून: रेसकोर्सच्या आतलं मैदान

महालक्ष्मी रेसकोर्सचा भाडेपट्टा 2013 साली संपला आणि तेव्हापासून या जागेवरून मुंबई भांडते आहे. 2024 मध्ये एक तोडगा निघाला: सुमारे 211 एकरांपैकी 91 एकर शर्यतींसाठी टर्फ क्लबकडे, म्हणजे तिथे घोड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे, 30 वर्षांच्या कराराने, आणि 120 एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे. वाद मात्र शमलेला नाही. घरच्यांशी फोनवर बोलताना दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘श्रीमंतांच्या घोड्यांसाठी एवढी जागा कशाला?’ दुसरं, ‘क्लब आहे म्हणून निदान ती मोकळी तरी राहिली, सगळ्यांना खुली केली की वाट लागेल.’ पहिल्यामागचा राग मला समजतो. दुसऱ्या वाक्याशी माझं भांडण आहे.

मी स्कॉटलंडमध्ये, एडिंबराला राहतो. इथून पूर्वेला जेमतेम दहा किलोमीटरवर मसलबरा नावाचं गाव आहे. तिथेही समुद्राकाठी रेसकोर्स आहे आणि त्याच्या धावपट्टीच्या आत नऊ होलचं, म्हणजे चेंडू घालायच्या नऊ खळग्यांचं, गोल्फचं मैदान आहे. शर्यतीच्या दिवशी गोल्फ बंद, एरवी माफक शुल्क भरून कोणीही खेळावं. याच मैदानावर 1874 ते 1889 या काळात सहा वेळा ‘द ओपन’ भरली, म्हणजे जगातली सर्वांत जुनी गोल्फ अजिंक्यपद स्पर्धा. 1860 साली प्रेस्टविकला आठ खेळाडूंत झालेली पहिली ओपन जिंकणारा विली पार्क याच गावचा. तो मूळचा कॅडी, दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारा. बारा होलच्या मैदानाच्या तीन फेऱ्या त्याने 174 फटक्यांत संपवल्या होत्या; गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो.

मग ओपन इथून गेली कुठे? मसलबराला खेळणाऱ्या एडिंबराच्या प्रतिष्ठित क्लबला तिथली गर्दी नकोशी झाली. त्यांनी 1891 मध्ये म्यूरफील्डला स्वतःचं खासगी मैदान केलं आणि पुढच्याच वर्षी ओपन तिकडे नेली. ‘सगळ्यांना खुलं केलं की वाट लागते’ हा तर्क इतका जुना आहे.

पण ओपनचा पुढचा इतिहास या तर्काला साथ देत नाही. सर्वाधिक म्हणजे तीस वेळा ओपन जिथे झाली, ते सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स ही गावाची जमीन आहे. 1552 च्या सनदेत तिथल्या लोकांचा त्या माळावर खेळण्याचा हक्क मान्य केलेला आहे. 1797 मध्ये कर्जबाजारी नगरपालिकेने तो माळ विकला आणि सशांची पैदास करणारे व्यापारी तिथे घुसले. वर्षानुवर्षं झगडा चालला. 1894 मध्ये पार्लमेंटने कायदा केला आणि जमीन पुन्हा नगरपालिकेकडे आली. आज एक सार्वजनिक विश्वस्त संस्था ती सांभाळते. मोठ्या स्पर्धा सोडल्या तर रविवारी तिथे गोल्फ बंद असतो. त्या दिवशी अठराव्या होलच्या हिरवळीवरून बाबागाड्या जातात, कुत्री धावतात. त्याच गवतावर 2022 मध्ये कॅमेरन स्मिथने चार दिवसांत 268 फटके, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा (‘पार’पेक्षा) वीस कमी, अशी कामगिरी करून 150वी ओपन जिंकली आणि ती पाहायला 2,90,000 लोक आले, जे ओपनच्या इतिहासात तोवर कधी घडलं नव्हतं. अमेरिकेच्या बेन होगनने 1953 मध्ये आयुष्यात एकदाच ओपन खेळून जिंकली, तीही कार्नूस्टीच्या सार्वजनिक मैदानावर.

खासगी म्यूरफील्डचं काय झालं, हेही सांगायला हवं. 2016 मध्ये तिथल्या सदस्यांनी महिलांना सदस्यत्व देण्याचा ठराव पुरेशा मतांअभावी पाडला. त्याच दिवशी आयोजकांनी जाहीर केलं की अशा ठिकाणी ओपन होणार नाही. पुढच्याच वर्षी फेरमतदान झालं आणि दार उघडलं. स्पर्धा हातात असलेल्यांनी अट घातली आणि पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा वर्षाच्या आत मोडली. आपल्याकडे जमीन सरकारची असते, तरी अट घालताना आपण कचरतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळं इथलंच चांगलं असं मी म्हणत नाही. ओल्ड कोर्सवर पाहुण्याला भर हंगामात एका फेरीसाठी तीनशे पौंडांहून जास्त मोजावे लागतात. स्थानिकांना मात्र वर्षभराचा पास त्याच्या आसपासच्या रकमेत मिळतो. शिवाय सेंट अँड्र्यूज हे वीस हजारांच्या आतलं गाव आहे. मुंबईत मोकळ्या जागेच्या एकेका चौरस फुटावर किती जणांचे डोळे असतात, ते मी जाणतो. 120 एकरांच्या पोटात उद्या काय बांधलं जाईल, ही लोकांची भीती पोकळ नाही.

तरीही खुल्या मैदानावर दर्जा टिकत नाही, हे मुंबईकराने तरी म्हणू नये. 1988 मध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली ती आझाद मैदानावर, जिथे एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो. ओपनमध्ये भारतीयाची आजवरची सर्वोत्तम कामगिरी शुभंकर शर्माची, 2023 मधली संयुक्त आठवी जागा. पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी 2015 मध्ये सेंट अँड्र्यूजला संयुक्त तिसावा आला. दोघांचेही वडील सैन्यात होते, आणि सैन्याची स्वतःची गोल्फ मैदानं असतात. ज्या मुलाचे वडील सैन्यात नाहीत, क्लबात नाहीत, त्याने काठी हातात धरायची कुठे?

म्हणून माझं मागणं सरळ आहे. टर्फ क्लबच्या 91 एकरांच्या करारात शर्यती नसलेल्या दिवसांचा सार्वजनिक वापर वेळांसकट लिहिलेला असावा, क्लबच्या मर्जीवर सोडलेला नसावा. उरलेल्या 120 एकरांची मालकी आणि वापर विधिमंडळाच्या कायद्याने बांधावा, म्हणजे पुढचा आयुक्त किंवा पुढचं सरकार एका परिपत्रकाने ते बदलू शकणार नाही. आणि त्या जागेत पोरांना खेळायला खरं गवत असावं, नुसते कारंजे आणि सेल्फी पॉइंट नकोत.